बाटलीतले दूध, गिअरची गाडी आणि कष्टांचा हिशेब

वाचकाचे पत्र:

आदरणीय ताई, माझे वय 62 आहे. दोन वर्षांपूर्वी मी निवृत्त झालो. तेव्हापासून मला जुन्या, साध्या, रोजच्या वापरातल्या वस्तूंची विलक्षण ओढ लागली आहे. लहानपणी पहाटे दाराशी काचेच्या बाटल्यांतून दूध येई. त्या बाटल्यांची किणकिण, वरचे चकचकीत पातळ झाकण आणि त्याखाली जमलेला मलईचा थर मला आजही लख्ख आठवतो. आजच्या पिशवीतल्या किंवा खोक्यातल्या दुधाला ती चव नाही, असे माझे ठाम मत आहे. तबकडीचा फोन, टंकलेखन यंत्र, कॅसेटचा टेपरेकॉर्डर अशा वस्तू मी जमवू लागलो असून एक खोली त्यांनी भरून गेली आहे. खरा वाद मात्र गाडीवरून आहे. आमची गिअरची गाडी 19 वर्षांची आहे. गेल्या वर्षी पत्नीच्या डाव्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. क्लच दाबताना दुखते म्हणून तिने गाडी चालवणे सोडले आहे. ही गाडी विकून ऑटोमॅटिक घ्यावी, असे मुलगी म्हणते. ऑटोमॅटिक म्हणजे चालवणे नव्हे, नुसते बसणे, असे मला वाटते आणि मी अडून बसलो आहे. ‘बाबा, तुम्ही भूतकाळात राहायला गेला आहात,’ असे मुलगी परवा म्हणाली, ते मनाला लागले. नातू 18 वर्षांचा झाला आहे आणि त्याला माझ्याकडूनच गिअरची गाडी शिकायची आहे, एवढाच दिलासा. माझी ही ओढ म्हणजे म्हातारपणाचा दुबळेपणा आहे का? आणि गाडीचे व त्या खोलीचे मी काय करावे?

— एक वाचक

उत्तर:

तुमच्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही घाईने लिहून पुढे गेला आहात. क्लच दाबताना दुखते म्हणून पत्नीने गाडी चालवणे सोडले, हे तुम्ही अर्ध्या ओळीत सांगता आणि दुधाच्या बाटलीच्या झाकणाला त्याहून अधिक जागा देता. हे मी टोचून बोलण्यासाठी लिहीत नाही. तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे शेवटी त्याच अर्ध्या ओळीपाशी येऊन थांबणार आहेत, म्हणून ती आधीच बाजूला काढून ठेवते आणि तुम्ही विचारलेल्या क्रमाने जाते.

ही ओढ दुबळेपणा आहे का, हा तुमचा पहिला प्रश्न. एके काळी वैद्यांचे मत याहून कठोर होते. योहानेस होफर या स्विस वैद्यकाने 1688 साली आपल्या प्रबंधात घरापासून दूर राहणाऱ्या माणसांची ही हुरहूर एक आजार म्हणून नोंदवली, आणि पुढे दोन शतके तिच्याकडे बऱ्याच अंशी आजार म्हणूनच पाहिले गेले. आजचे मानसशास्त्र तसे मानत नाही. साउथॅम्प्टन विद्यापीठातील संशोधकांनी 2006 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासमालेत असे दिसले, की उदास किंवा एकटे वाटू लागले की माणसाच्या मनात गतकाळाची ओढ जागी होते, आणि ती जागी झाल्यावर आपण कोणाचे तरी आहोत, ही भावना बळावते. म्हणजे एकटेपण हे या ओढीचे कारण, आणि ओढ हा त्यावर मनाने स्वतःच शोधलेला उतारा. तुमच्या पत्रात ओढ सुरू झाल्याची वेळ स्पष्ट आहे, ती म्हणजे निवृत्ती. रोज ज्यांच्याशी बोलणे होत असे ती माणसे एका दिवसात आयुष्यातून वजा झाली, हाताला ठरलेले काम उरले नाही, आणि मनाने आपला माल जुन्या कोठारातून आणायला सुरुवात केली. त्यात साधारण दहाव्या वर्षापासून तिशीपर्यंतच्या आठवणी माणसाला उतारवयात इतर काळापेक्षा जास्त संख्येने आठवतात, ही गोष्ट स्मृतीच्या अभ्यासकांना पुन्हा पुन्हा आढळली आहे. त्यामुळे तुम्हाला नेमक्या बालपणीच्या बाटल्या आणि तरुणपणीच्या गाड्या आठवाव्यात, यात वेगळे काही नाही. दुबळेपणा तर मुळीच नाही.

मात्र ओढ निरोगी आहे म्हणून ती सांगते ते सारे खरेच आहे, असे मानू नका. दुधाचेच पाहा. जुन्या बाटलीत मलईचा थर वर येई, हे तुमचे स्मरण अचूक आहे. दुधातील स्निग्धांशाचे थेंब पाण्याच्या भागापेक्षा हलके असतात आणि दूध स्थिर राहिले की ते वर जमतात. ओगुस्त गोलँ या फ्रेंच माणसाने 1899 साली पेटंट घेतलेल्या यंत्राने दूध मोठ्या दाबाखाली अतिशय अरुंद फटीतून ढकलून हे थेंब इतके बारीक करता येऊ लागले, की ते वर येईनासे झाले. आज तुमच्या खोक्यातले दूध वरपासून खालपर्यंत एकसारखे लागते ते या प्रक्रियेमुळे. तेव्हा बाटलीतला पहिला घोट दाट आणि गोडसर लागे, हे खरे. पण त्याच बाटलीतला शेवटचा घोट पाणचट लागत असणार, आणि तो तुमच्या पत्रात नाही. दुसरे म्हणजे, पारदर्शक काच प्रकाश अडवत नाही. दुधातील रायबोफ्लेविन हे जीवनसत्त्व प्रकाशाने विघटित होते आणि त्यातून सुरू होणाऱ्या बदलांमुळे दुधाची चव बिघडते. उन्हात राहिलेल्या बाटलीला येणारा तो विचित्र वास अनुभवी माणसाला लगेच कळतो. अपारदर्शक खोके त्या बाबतीत काचेपेक्षा सरस आहे. चवीच्या बाबतीत तुम्ही अर्धे बरोबर आहात, असे म्हणते आणि पुढे जाते. जाता जाता एक गंमत सांगण्याचा मोह आवरत नाही. त्या मलईच्या थराचे चाहते केवळ मनुष्यप्राणी नव्हते. ब्रिटनमध्ये टिट जातीचे चिमुकले पक्षी दारातल्या बाटल्यांची झाकणे चोचीने फोडून वरची मलई खायला शिकले होते. त्याची पहिली नोंद 1921 सालची, साउथॅम्प्टनजवळचीच आहे, आणि 1949 साली दोन अभ्यासकांनी ही सवय देशभर कशी पसरत गेली त्याचा सविस्तर आढावा प्रसिद्ध केला. दारात बाटल्या येणे कमी झाले, दूध एकजीव होऊन येऊ लागले, आणि पक्ष्यांची ती सवयही मागे पडली. त्यांना हुरहूर लागली की नाही, याविषयी विज्ञान मौन बाळगून आहे.

काचेची बाटली पर्यावरणाला बरी, असा युक्तिवाद तुम्ही केलेला नाही, पण घरातल्या वादात तो केव्हा ना केव्हा येणारच, म्हणून तोही निकालात काढू. बाटली परत जाऊन, धुतली जाऊन, पुन्हा पुन्हा भरली जात असेल आणि ही सारी ये-जा थोड्या अंतरातली असेल, तरच तिचा फायदा आहे. काच जड असते, ती वितळवून घडवायला प्रचंड उष्णता लागते आणि तिची वाहतूक महाग पडते. एकदा वापरून टाकून दिलेली काचेची बाटली कागदी खोक्यापेक्षा पर्यावरणावर अधिक भार टाकते. जुन्या व्यवस्थेचा चांगुलपणा काचेत नव्हता, परत करण्याच्या शिस्तीत होता.

आणि ती शिस्त पाळत कोण होते? तुमच्या पत्रातल्या सगळ्या जुन्या वस्तूंना मला हाच प्रश्न विचारावासा वाटतो. पहाटे बाटल्यांची किणकिण तुम्ही अंथरुणात पडून ऐकत होता. ती किणकिण ज्याच्या हातून होत असे तो माणूस त्यापूर्वी कित्येक तास जागा होता आणि भरलेल्या बाटल्यांचे जड खोके उचलून दारोदार हिंडत होता. रिकामी बाटली आतून विसळून, तळाशी चिकटलेला थर लांब ब्रशने काढून ती परत ठेवायचे काम घरात कोणीतरी रोज करत होते, आणि ते तुम्ही करत नव्हता, असे मी धरून चालते, कारण ते तुम्ही केले असते तर त्याचा उल्लेख पत्रात नक्की आला असता. हातांनी केलेली कामे माणूस सहसा विसरत नाही. तुमच्या आठवणीत बाटलीचा आवाज आहे, चमक आहे, चव आहे, पण तिचे वजन नाही. दुसऱ्याच्या कष्टांवर चाललेली सोय आठवताना गोड होते, ती यामुळेच.

गाडीचे प्रकरण याच्या नेमके उलट आहे, आणि म्हणून ते मला अधिक गंभीर वाटते. गिअरच्या गाडीतले कष्ट तुमचे स्वतःचे होते. इंजिनाचा आवाज ऐकून कधी गिअर बदलायचा हे ओळखणे, चढावर थांबलेली गाडी मागे न सरकू देता अर्ध्या क्लचवर उचलणे, उतारावर खालच्या गिअरमध्ये टाकून इंजिनानेच वेग आवरणे, बॅटरी बसली असताना दुसऱ्या गिअरमध्ये धक्क्यावर गाडी सुरू करणे: ही सगळी कौशल्ये तुमच्या हातापायांत मुरलेली आहेत आणि ती कमवायला तुम्हाला काळ द्यावा लागला आहे. ज्या गोष्टीत आपले श्रम गेले तिचे मोल आपण जास्त लावतो, हे प्रयोगांतूनही दिसलेले आहे. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अगदी साधे खोके स्वतः जोडणारी माणसे त्याच खोक्यासाठी आयते जोडलेले खोके मिळालेल्या माणसांपेक्षा अधिक किंमत द्यायला तयार होती. साध्या खोक्याचे असे, तर चार दशके अंगवळणी पडलेल्या कौशल्याचे काय होत असेल, ते मी समजू शकते. निवृत्तीने तुमच्या एका कौशल्याला निरोप दिलेला असताना दुसरेही हातचे जाते आहे, ही बोच खरी आहे. मुलीच्या वाक्याने ती दुखावली, आणि त्यासाठी तिला क्षमा करा. तिने वस्तू पाहिली, वस्तूतले तुमचे हात पाहिले नाहीत.

पण ‘ऑटोमॅटिक म्हणजे नुसते बसणे’ हे वाक्य तुम्ही मागे घ्यावे, असे माझे मत आहे. याचे कारण मोटारींच्या इतिहासातच आहे. आरंभीच्या मोटारी पुढच्या बाजूने लोखंडी दांडा फिरवून सुरू कराव्या लागत. इंजिनाने उलटा झटका दिला की तो दांडा फिरवणाऱ्याचे मनगट किंवा हात मोडत असे. चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विजेचा स्टार्टर 1912 च्या कॅडिलॅक गाड्यांत आला, तेव्हा दांडा फिरवण्याचे ते कौशल्य संपले. त्यानंतरही गिअर बदलणे हे मोठे कसब होते, कारण वेगवेगळ्या गतीने फिरणारी दातेरी चाके एकमेकांत बसवायची तर क्लच दोनदा दाबून आणि मधे इंजिनाची गती नेमकी जुळवून घ्यावी लागे; चुकले की दाते करकरत. सिंक्रोमेश ही यंत्रणा 1928 साली, पुन्हा कॅडिलॅकमध्येच, आली आणि ती चाकांची गती आपोआप जुळवू लागली. तुम्ही जी गाडी चालवत आला आहात तिच्यात या दोन्ही सोयी आहेत. दांडा फिरवून आणि दोनदा क्लच दाबून गाडी चालवणाऱ्या माणसाने तुमच्याकडे पाहिले असते, तर त्याला काय वाटले असते? पूर्णपणे स्वयंचलित गिअर असलेल्या ओल्ड्समोबिल गाड्या 1940 साली रस्त्यावर आल्या होत्या, म्हणजे तुमच्या जन्माच्या कितीतरी आधी. प्रत्येक पिढी ज्या सोयीत वाढली तिला ती अस्सलपणा म्हणते आणि त्यानंतर आलेल्या सोयीला आळस म्हणते. तुम्ही त्याला अपवाद नाही, आणि मीही नसेन.

गिअरची गाडी मागे पडण्याचे खरे कारण लोकांचा आळस नव्हेच. पेट्रोल किंवा डिझेलचे इंजिन उभ्या गाडीला थेट ओढू शकत नाही. ते आधी काही गतीने फिरत असावे लागते आणि त्याची ताकद मर्यादित गतीच्या पट्ट्यातच चांगली मिळते, म्हणून मधे क्लच आणि गिअर घालावे लागतात. विजेच्या मोटारीला ही अडचण नाही. ती शून्य गतीपासूनच पुरेपूर जोर देते, म्हणून विजेवरच्या बहुतेक गाड्यांत बदलायचे गिअरच नसतात. ज्या उणिवेवर उपाय म्हणून तुमचे कौशल्य जन्माला आले, ती उणीवच नाहीशी होत चालली आहे. इंधन कमी लागते म्हणून गिअरची गाडी घ्यावी, हा पूर्वीचा सल्लाही आता सरसकट लागू पडत नाही. चांगल्या आधुनिक ऑटोमॅटिक गाड्या त्या बाबतीत बरोबरीने, काही वेळा पुढेही आहेत. उरते ती चालवण्याची मजा. ती खरी आहे, पण ती तुमची आहे, घरातल्या सर्वांची नाही.

आता तुमच्या बाजूने दोन शब्द, कारण जुन्या वस्तूंची तरफदारी करणारा प्रत्येक माणूस आठवणीत रमलेला असतो, असे मुलीने समजू नये. काही ठिकाणी जुने खरोखरच बरे होते आणि नवे करताना ते विनाकारण फेकले गेले. गाड्यांतली खटके आणि बटणे काढून सारे काही पडद्यावर नेण्याची जी लाट आली, तिचे उदाहरण ताजे आहे. बटण बोटाला न पाहता सापडते. पडद्यावरचे चिन्ह शोधायला रस्त्यावरची नजर काढावी लागते. युरोपात गाड्यांच्या सुरक्षिततेला तारे देणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेने 2026 पासून आपल्या निकषांत इंडिकेटर, धोक्याचे दिवे, वायपर, भोंगा आणि आपत्कालीन मदतीची हाक यांसाठी स्वतंत्र, हाताला लागणारी नियंत्रणे असण्याला महत्त्व दिले आहे. दुरुस्तीचेही तसेच. स्क्रू काढून उघडता येणारी जुनी उपकरणे जाऊन चिकटवून बंद केलेली आली, आणि आता युरोपीय संघाने 2023 साली केलेल्या नियमानुसार फेब्रुवारी 2027 पासून हातात बाळगायच्या बहुतेक उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः बदलता आली पाहिजे. तांब्याच्या तारेवरचा तुमचा तबकडीचा फोनही घरातली वीज गेल्यावर चालत असे, कारण त्याला लागणारी वीज टेलिफोन केंद्रातूनच त्या तारेवाटे येत असे. या गोष्टी हुरहुरीच्या नाहीत, गुणवत्तेच्या आहेत. पुढची गाडी निवडताना ‘जुने ते बरे’ असे म्हणण्याऐवजी ‘वातानुकूलनाला आणि वायपरला खरी बटणे हवीत’ असे म्हणा. मुलीला त्यावर हसता येणार नाही.

खोलीविषयी मी थोडक्यात सांगते. तीत जे चालते आणि तुम्ही स्वतः वापरता ते ठेवा. जे केवळ पाहायचे आहे त्यातले मोजके निवडा, बाकी एखाद्या संग्राहकाला किंवा दुरुस्ती शिकणाऱ्या मुलांना द्या. टंकलेखन यंत्राला नवी फीत बसवून त्यावर पत्रे लिहिलीत, तर त्याचे दाते अडकणार नाहीत आणि तुम्हाला निवृत्तीत हरवलेली माणसे पत्रोत्तरांतून परत भेटू लागतील. तुमच्या दुखण्यावर वस्तू जमवण्यापेक्षा हा उपाय जवळचा आहे. कॅसेटच्या बाबतीत मात्र घाई करा. चुंबकीय फीत काळाबरोबर खराब होत जाते आणि टेपरेकॉर्डरमधला रबरी पट्टा सैल किंवा चिकट होऊन फीत गुंडाळून टाकतो. घरच्या माणसांचे आवाज ज्यांत असतील त्या कॅसेट प्रथम बाजूला काढा, यंत्राचा पट्टा बदलून घ्या, आणि त्यांची संगणकावर नक्कल करून ती दोन ठिकाणी जपून ठेवा. आणि ही खोली कोण झाडते-पुसते, ते एकदा पाहा. उत्तर ‘पत्नी’ असेल, तर गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर वाकून तुमच्या आठवणींवरची धूळ त्या पुसत आहेत, एवढे लक्षात येऊ द्या आणि फडके आपल्या हाती घ्या.

नातवाला जरूर शिकवा. ज्यांनी ते युग पाहिलेच नाही त्यांनाही त्या यंत्रांचे आकर्षण वाटते. अमेरिकेत 2020 साली ध्वनिमुद्रिकांच्या तबकड्यांच्या विक्रीतून आलेला पैसा 1980 च्या दशकानंतर प्रथमच सीडीच्या पुढे गेला, आणि त्या घेणारे सारेच काही तुमच्या वयाचे नव्हते. नातवाच्या इच्छेला एक व्यावहारिक बाजूही आहे. काही देशांत, उदाहरणार्थ ब्रिटनमध्ये, ऑटोमॅटिक गाडीवर परीक्षा दिली तर मिळणाऱ्या परवान्यावर गिअरची गाडी चालवता येत नाही, तर गिअरच्या गाडीवर परीक्षा देणाऱ्याला दोन्ही चालवता येतात. तुमच्याकडचा नियम आधी विचारून घ्या आणि मगच धडे सुरू करा. शिकवताना पहिले काही तास त्याला ॲक्सिलरेटरला पाय लावू देऊ नका. सपाट, मोकळ्या जागेत नुसत्या क्लचवर गाडी हलवायला आणि थांबवायला सांगा, म्हणजे क्लच कोणत्या बिंदूला पकड घेतो हे पायाला कळते. तुमच्या काळात ओरडून शिकवण्याची पद्धत होती, ती मात्र आठवणीतच ठेवा. एक सावधगिरीही बाळगा. 19 वर्षांपूर्वीच्या अनेक साध्या गाड्यांत घसरताना गाडी सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा नव्हती आणि एअरबॅगही कमी असत. ही गाडी शिकायला उत्तम आहे, पण नवशिक्या मुलाने रात्री, पावसात किंवा वेगाच्या रस्त्यावर एकट्याने न्यावी अशी ती नाही.

आता बाजूला ठेवलेली अर्धी ओळ पुन्हा घेते. क्लच डाव्या पायाने दाबतात, शस्त्रक्रिया डाव्या गुडघ्यावर झाली आहे, आणि ऑटोमॅटिक गाडीत डाव्या पायाला काहीच काम नसते. यावर वाद घालण्यासारखे काय आहे, ते मला खरोखर कळलेले नाही. तुम्ही ज्याला चालवण्याचे सुख म्हणता, ते तुमच्या पत्नीपासून हिरावले गेले आहे, तेही आठवणीपुरते नव्हे, आज, आणि त्यावरचा उपाय उपलब्ध असताना. हाताचे कौशल्य सुटले की माणसाला काय होते हे या घरात तुमच्याइतके कोणाला ठाऊक आहे? तेव्हा घरची गाडी ऑटोमॅटिकच घ्या, आणि मुलीचा हट्ट पुरवल्यासारखे दाखवून घेऊ नका. शस्त्रक्रियेनंतर पुन्हा गाडी चालवायला हरकत नाही ना, हे डॉक्टरांना विचारून घ्यायला मात्र विसरू नका, कारण गुडघा डावा असला तरी आसनात बसणे-उठणे आणि अचानक हालचाल करणे हा भाग राहतोच.

जुनी गाडी विकलीच पाहिजे, असे मी म्हणणार नाही. ठेवायला जागा असेल आणि विमा, तपासण्या व दुरुस्ती यांचा खर्च तुम्ही घरखर्चाला हात न लावता उचलू शकत असाल, तर नातवाचे शिकणे पूर्ण होईपर्यंत ती ठेवा. पण ठेवायची म्हणजे चालवायची. उभी राहिलेली गाडी चालणाऱ्या गाडीपेक्षा लवकर बिघडते: बॅटरी उतरते, टाकीतले इंधन शिळे होते, ब्रेकच्या तबकड्यांवर गंज चढतो, रबरी भाग सुकतात आणि एकाच जागी भार सोसून टायर त्या ठिकाणी सपाट होतात. आठवड्यातून एकदा तरी इंजिन पूर्ण तापेल इतका वेळ, म्हणजे साधारण अर्धा तास, ती रस्त्यावर काढा. नुसती जागच्या जागी सुरू करून बंद करणे पुरेसे नाही. तीन-चार महिन्यांनी स्वतःला विचारा, की हे आपण आनंदाने करतो आहोत की तेही कोणावर तरी ढकलतो आहोत. ढकलत असाल, तर ज्याला ती रोज चालवायची आहे अशा माणसाला द्या, आणि देताना तिच्या दुरुस्त्यांची सगळी कागदपत्रे सोबत द्या.

नवी गाडी पाहायला जाताना तिघांनी मिळून जा, पण चाचणीची फेरी आधी पत्नीला घेऊ द्या. आसनाची उंची, दार उघडून पाय आत घेताना गुडघा किती वाकवावा लागतो, ब्रेक दाबायला उजव्या पायाला किती जोर लागतो, हे त्या ठरवतील. बटणे कोणती हवीत, ते तुम्ही ठरवा.